राखणदारीचा प्रश्न : देहरंगचे धरण आणि आपण

पाण्याचा विषय निघाला की आपल्या चळवळीला महाड आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु महाडनंतर पाणी कोठे साठविले गेले, कोणाच्या नावे साठविले गेले आणि साठविलेले पाणी राखण्याचे काम कोणाच्या अंगावर पडले, याचा इतिहास आपण फारसा मांडलेला नाही. पाणवठ्यावर जाण्याचा हक्क आपण लढून मिळविला. तो पाणवठा टिकतो की नाही, हे पाहण्याचा हक्कही त्यातच येतो, याचे भान मात्र आपल्याला उशिरा येत आहे. मी पनवेलला राहतो, येथेच शिकवितो. म्हणून पनवेलच्याच उदाहरणावरून हा विचार मांडतो.

पनवेलची नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. देशातल्या जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे ही या गावाची जुनी तळी. गाव वाढले तशी ती अपुरी पडली, आणि गेल्या शतकात १९६० नंतरच्या दशकात नगरपालिकेने माथेरानच्या डोंगरपायथ्याशी, गाढी नदीवर, देहरंग येथे स्वतःचे धरण बांधले. गाढेश्वराचे देऊळ तेथेच आहे, म्हणून लोक त्याला गाढेश्वरचे धरणही म्हणतात. नगरपालिकेच्या मालकीचे धरण असणे ही तेव्हा अभिमानाची गोष्ट होती, आणि पनवेलकर अजूनही ती अभिमानाने सांगतात.

आज या धरणाने साठी ओलांडली आहे. माथेरानचे उतार उघडे पडत गेले, वणवे लागत राहिले, आणि दर पावसाळ्यात डोंगराची माती वाहून जलाशयात बसत गेली. पावसाळ्याच्या ऐन भरात सांडव्यावरून पाणी कोसळते, ते पाहायला सहलीची माणसे लोटतात आणि पोलिसांना मनाईचे हुकूम काढावे लागतात. तेच धरण उन्हाळ्यात तळ दाखविते. मग शहरात पाणीकपात सुरू होते आणि इतर संस्थांकडून पाणी घ्यावे लागते. गाळ काढण्याची चर्चा वर्षानुवर्षे होते. पाऊस आला की ती थांबते, आणि पुढच्या एप्रिलात पुन्हा सुरू होते.

हे धरण उद्या फुटेल अशी आवई मला उठवायची नाही. मला एवढेच विचारायचे आहे : जे बांधताना एवढा उत्साह होता, ते राखताना तो कोठे जातो?

माझी आजी मराठवाड्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर होती. त्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी दिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. खडी फोडणे, नालाबांध आणि पाझर तलाव यांवर लाखो भूमिहीनांनी घाम गाळला, आणि त्यांत आपली माणसे फार मोठ्या संख्येने होती. आजी पाटी डोक्यावर घेऊन भरावावर चढे. ती मला सांगायची, “मातीचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस मारायची, मग दुसरा थर. मुकादम घाई करायचा. पण पोरा, धुम्मस चुकली की बांध बसत नाही, आणि एकदा बसलेल्या बांधालाही दरसाल हात लावावा लागतो.” तिचे नाव मस्टरवर होते आणि नावापुढे अंगठा होता. तलावाच्या दगडावर उद्घाटकाचे नाव कोरलेले होते. आजी अंगठेबहाद्दर, पण मातीच्या धरणाचे अर्धे शास्त्र तिला ठाऊक होते. मी तिच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे शास्त्र मला पुस्तकातून शिकावे लागले.

ते शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण कार्यकर्त्याला ते यायला हवे. मातीच्या धरणातून थोडे पाणी नेहमीच पाझरते. त्यात घाबरण्यासारखे काही नसते. पायथ्याशी येणारा हा पाझर स्वच्छ आहे की गढूळ, हे पाहायचे असते. स्वच्छ पाणी म्हणजे नुसते पाणी येत आहे. गढूळ पाणी म्हणजे पाण्याबरोबर धरणाची माती निघून चालली आहे. आत बीळ पडत आहे आणि ते रोज रुंदावत आहे. पाझर एकाएकी वाढला, तरीही ते धोक्याचे लक्षण असते. भरावावर झाडे वाढली की त्यांची मुळे आत शिरतात. झाड मेले की मुळाच्या जागी पोकळी राहते. उंदीर, घुशी, खेकडे बिळे करतात. पाण्याकडच्या अंगाचे दगडी अस्तर निखळले की लाटा माती खातात. माथा एखाद्या जागी खचला तर पुराचे पाणी नेमके तेथून वर चढते, आणि मातीच्या धरणावरून पाणी गेले की ते काही तासांत संपते. दगडी बांधकामाला दर्जा भरावा लागतो, चुन्या-सिमेंटचा निचरा पाहावा लागतो. सांडवा मोकळा लागतो. विमोचकाच्या दारांना तेल-पाणी लागते. वर्षानुवर्षे न हललेले दार ऐन पुरात हलत नाही. या सगळ्या कामांत यंत्राचे काम थोडे आणि माणसाच्या डोळ्यांचे व हातांचे काम फार. म्हणजे रोज फेरी मारणारा, झुडपे तोडणारा, बिळे बुजविणारा आणि पाझराचे पाणी भांड्यात धरून पाहणारा माणूस लागतो.

नेमके हेच काम आपल्या समाजरचनेत हलके ठरलेले आहे. येथे प्रश्न केवळ अंदाजपत्रकाचा राहत नाही. जातिव्यवस्थेने श्रमांचीही उतरंड लावली. उभारण्याचा मान वर गेला आणि निगा राखण्याचे कष्ट खाली आले. देऊळ बांधणाऱ्याचा शिलालेख असतो. देवळाबाहेरचे गटार उपसणाऱ्याचा नसतो. महाराने गावाची शीव राखायची, तिजोरी राखायची, रात्री जागायचे. परंतु गावच्या विहिरीला हात लावायचा नाही, हा तर आपल्या पूर्वजांचा अनुभव. राखणदारी आपल्याकडे आणि मालकी दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी होती. १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने गेली, पण राखणदारीकडे पाहण्याची नजर गेली नाही. आज धरणावरचा चौकीदार पुष्कळदा कंत्राटी किंवा रोजंदारीवरचा असतो. त्याने साहेबाला ‘पाणी गढूळ येतंय’ असे सांगितले, तर ते ऐकायचे की नाही हे त्याच्या जागेवरून ठरते. जो रोज पाहतो त्याला बोलता येत नाही, आणि ज्याला बोलता येते तो वर्षातून दोनदा गाडीतून येतो. धरणे धोक्यात येण्याचे एक कारण मला या अंतरात दिसते.

आता महाडकडे वळू. महाड आणि पनवेल ही तेव्हाच्या एकाच कुलाबा जिल्ह्यातली दोन गावे, आणि दोन्ही नगरपालिकांची. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. यात दोन क्रियापदे आहेत याकडे आपले लक्ष गेलेले नाही : बांधलेले आणि राखलेले. आपला हक्क केवळ माणुसकीच्या नावाने मागितलेला नव्हता. ते पाणी सर्वांच्या पैशावर राखले जाते, म्हणून ते सर्वांचे, असा त्यामागे सरळ हिशेब होता.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर चालत गेली तेव्हा त्या कागदाला पाय फुटले. त्यानंतर आपल्या माणसांवर हल्ले झाले, आणि पाणी ‘बाटले’ म्हणून पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे खाजगी आहे, असा दावा सनातन्यांनी न्यायालयात केला. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी सिद्ध होत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाकडून ठरून यायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले.

या इतिहासातून आजच्या प्रश्नाला लागू पडणाऱ्या दोन गोष्टी निघतात. पहिली, नगरपालिकेचा ठराव आणि प्रत्यक्ष तळे यांच्यातले अंतर लोकांनीच चालून जावे लागते. दुसरी, ज्यांनी तळ्यात शेण-गोमूत्र ओतले त्यांना आपण पाणी शुद्ध राखत आहोत असे खरोखर वाटत होते. पाण्याचे पावित्र्य त्यांना कळत होते. पाण्याची निगा कळत नव्हती. आजही भरलेल्या धरणाचे जलपूजन थाटात होते. त्याच धरणाच्या पायथ्याची झुडपे मात्र तशीच राहतात.

बाबासाहेब महाडवर थांबले नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या देखरेखीखाली आकाराला आली. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत त्यांनी ओरिसातल्या नद्यांच्या बहुउद्देशीय योजनेचा विचार मांडला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज असलेला आयोग १९४५ सालीच स्थापन झाला. पूर येतो म्हणून पाण्याला शत्रू मानू नये, ते साठवून लोकांच्या कामी आणावे, अशी त्यांची दृष्टी होती. त्याचबरोबर, हे काम पाटील-देशमुखांच्या किंवा दात्यांच्या मर्जीवर न ठेवता तज्ज्ञांची कायम यंत्रणा उभारून राज्याने ते अंगावर घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. एकदा बांधून मोकळे होण्याची वृत्ती या विचारात बसत नाही. या मोठ्या धरणांखाली पुढे ज्यांची गावे गेली त्यांत आदिवासी आणि दलित फार होते, हा हिशेबही आपण मांडलाच पाहिजे. परंतु जी धरणे उभी आहेत ती मोडकळीला येऊ देणे हा त्या अन्यायावरचा उपाय नव्हे. विस्थापित झालेल्यांच्या वाट्याला मग दुसरे संकट येईल.

महाराष्ट्राने याची किंमत दिलेली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. विमोचकाचे काम अपुरे असताना त्या पावसाळ्यात पाणी साठविले गेले. विमोचकावरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, आणि सकाळी धरण गेले. त्या लोंढ्याने खाली असलेले, एकोणिसाव्या शतकात बांधलेले खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. जुने धरण आपल्या वयाने फुटले नव्हते. वरच्या नव्या धरणाच्या घाईने ते फोडले. एका नदीवरच्या धरणांचे नशीब एकमेकांत गुंतलेले असते, हा त्यातला धडा. गुजरातेत ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू नदीवरचे दुसरे धरण फुटून मोरवी शहर उद्ध्वस्त झाले व हजारो माणसे गेली. सांडव्याची क्षमता आलेल्या पुराच्या मानाने फार कमी पडली होती. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात नाशिक येथे धरण सुरक्षितता संघटना उभी राहिली, आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धरणांची पाहणी करण्याची पद्धत रूढ झाली.

तरीही २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे मेली. ते धरण काही जुने नव्हते. वय विसाच्या आसपास. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. धरण फुटल्यावर राज्याच्या एका मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला. खेकडे बिळे करतात हे खरेच आहे. माझ्या आजीलाही ते ठाऊक होते. पण खेकडे पावसाळ्यात येतात हे ज्यांना दरसाल ठाऊक असते, त्यांनी बिळे बुजविण्यासाठी माणूस ठेवायचा असतो. गावकऱ्यांचा अर्ज ज्या टेबलावर पडून राहिला ते टेबल खेकड्यांचे नव्हते.

पानशेत नवे होते, तिवरे तरुण होते. म्हणजे वय हा एकटा गुन्हेगार नव्हे. म्हातारे धरण नीट राखले तर टिकते. तरुण धरण न राखले तर जाते. देहरंगविषयी बोलताना हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच्या साठ वर्षांची भीती बाळगण्यापेक्षा त्या साठ वर्षांच्या नोंदवह्या मागितल्या पाहिजेत.

आता कायदाही आहे. संसदेने संमत केलेला धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आला. पंधरा मीटरहून उंच धरणे, आणि काही अटींनुसार दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणे त्याखाली येतात. धरणाच्या मालकाने पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहणी करावी, देखभाल-दुरुस्तीसाठी वेगळा निधी राखावा, आणीबाणीत खालच्या लोकांना कसे हलवायचे याचा आराखडा तयार ठेवावा, अशा जबाबदाऱ्या कायद्याने टाकल्या आहेत. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून अधिक. त्यामुळे या कायद्याचे काम येथेच सर्वांत जास्त आहे. परंतु लहान बंधारे आणि आजीने बांधलेले ते पाझर तलाव यांतले बहुतेक त्याच्या उंचीच्या मापात बसत नाहीत. ते ज्या वस्त्यांच्या डोक्यावर आहेत त्या वस्त्या कोणाच्या, हे मी सांगण्याची गरज नाही.

देहरंगच्या परिसरात ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. गाढी तेथून नेरे, चिपळे, विचुंबे या गावांवरून पनवेलात येते आणि खाडीला मिळते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत गाढीने पनवेलात काय केले ते नदीकाठच्या मोहल्ल्यांना, कोळीवाड्याला आणि झोपड्यांना विचारावे. तो पूर धरण शाबूत असताना आला होता. नदीपात्रात भराव पडला, काठावर इमारती चढल्या, आणि पाण्याला जागा उरली नाही. म्हणजे धरणाची सुरक्षितता धरणाच्या भिंतीपाशी संपत नाही. ती खाडीपर्यंत येते. पाणी शहराच्या नळाला जाते. धोका मात्र नदीच्या काठाने चालतो, आणि काठावर नेहमी तेच राहतात ज्यांना दुसरी जागा कोणी दिली नाही.

गाळाचाही असाच हिशेब आहे. सार्वजनिक धरण गाळाने भरले की शहराची तहान नाहीशी होत नाही. ती टँकरकडे वळते. टँकरच्या पाण्याला बोल्यांचा ठराव लागू नाही. ज्याच्या खिशात पैसा त्याचे ते पाणी. सोसायटीच्या टाकीत टँकर रिकामा होतो आणि वस्तीतली बाई हंडा घेऊन रांगेत उभी राहते. कोणी कोणाला शिवू नको म्हणत नाही, तरी पाणी मिळत नाही. सार्वजनिक पाणवठ्याची राखण सुटली की महाडला मिळविलेला हक्क असा हळूहळू, एकही दंगल न होता, हातातून निसटतो. म्हणून धरणाची देखभाल हा केवळ इंजिनिअरांचा विषय आहे असे मी मानत नाही. तो आपल्या हक्काचा विषय आहे.

मग करायचे काय? मोर्चा काढण्यापूर्वी करता येतील अशी काही साधी कामे आहेत. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. आपल्या भागातल्या धरणाचा पावसाळ्यापूर्वीचा आणि नंतरचा पाहणी अहवाल मागावा. त्यात दाखविलेले दोष पुढच्या अहवालापर्यंत दुरुस्त झाले का, ते दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावे. देखभालीसाठी किती निधी ठेवला आणि किती खर्च झाला, ते विचारावे. आणीबाणीचा आराखडा खालच्या वाड्यांना त्यांच्या भाषेत कोणी वाचून दाखविला आहे का, रात्री इशारा द्यायचा तर भोंगा कोठे आहे, चढावर जाण्याची वाट कोणती, हे ग्रामसभेत विचारावे. धरणावरच्या चौकीदाराची नोंदवही आहे का, आणि तिच्यावर वरिष्ठाची सही होते का, हे पाहावे. त्या माणसाला कायम नोकरी, पुरता पगार आणि तक्रार थेट वर पोचविण्याचा अधिकार मिळावा, ही मागणी आपल्या संघटनांनी आपली म्हणून करावी. धरणावरच्या सर्वांत खालच्या माणसाला मान मिळाल्याखेरीज धरण सुरक्षित होणार नाही.

प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना आणखी एक सांगणे आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी पाझर तलाव बांधले ती पिढी आता झपाट्याने संपत आहे. कोणता बांध कोठून आणलेल्या मातीचा, कोठे खडक लागला, कोठे घाईत धुम्मस राहिली, हे त्यांना ठाऊक आहे, आणि ते पुष्कळदा कोणत्याही दप्तरात नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातल्या अशा माणसांकडे जाऊन हे लिहून घ्यावे. हा आपला इतिहास आहेच. शिवाय तो त्या तलावाखालच्या वस्तीच्या उपयोगाचाही आहे. माझी आजी गेली तेव्हा मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तिच्या तलावाविषयी तिने सांगितलेले मी काहीच लिहून ठेवले नव्हते. जे आठवले ते वर दिले आहे, आणि ते फार थोडे आहे.

येत्या मे महिन्यात आम्ही काही विद्यार्थी-शिक्षक देहरंगला जाणार आहोत, परवानगी काढून. सहलीला पावसाळ्यात सगळेच जातात. आम्ही पाणी आटलेले असताना जाऊ, गाळ पाहू, भिंतीच्या पायथ्याने चालू, वाडीतल्या माणसांना विचारू, आणि जे दिसेल ते लिहून पालिकेला देऊ. पावसाळा संपल्यावर पुन्हा जाऊ. आपापल्या तालुक्यातल्या धरणावर इतरांनीही जावे, एवढीच विनंती.